टेक्सासमधलं पीई लायसन्स: तासांचं गणित

पीई, म्हणजे परवानाधारक प्रोफेशनल इंजिनिअर झालास, अभिनंदन! लायसन्सच्या नूतनीकरणासाठी लागणाऱ्या पुढच्या शिक्षणाच्या १५ तासांचा बाऊ करू नकोस. टेक्सासमध्ये वर्षाला एवढेच लागतात, पण त्यातला किमान १ नीतिमत्तेचा. नेमका तोच लोक विसरतात आणि शेवटच्या रात्री वेबिनार शोधत बसतात. तू तो आधी उरकून टाक.

दुसरी चूक कागदांची. नूतनीकरणाच्या वेळी प्रमाणपत्रं कोणी मागत नाही, म्हणून ती जपली जात नाहीत. मग एखाद्या वर्षी तपासणीत नाव निघतं. माझी सगळी ऑफिसच्या लॅपटॉपवर होती. नोकरी सोडली, लॅपटॉप परत गेला, बसलो बोंबलत! तेव्हा:

- प्रमाणपत्र त्याच दिवशी स्वतःच्या मेलवर. ३ वर्षं ठेव.
- तारीख, विषय, तास लगेच लिही.
- जादा तास पुढच्या वर्षी चालतात, १४ पर्यंत.

घरी वाचून मिळणाऱ्या तासांची भानगड एवढ्यात नको.