कथाकार जी. ए. कुलकर्णी खरंच माणूसघाणे होते का? आणि ते वाचायचे तर सुरुवात कुठून करावी?

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: नाही, अजिबात नाही.

जीए सभा-संमेलनांना जात नसत, प्रसिद्धीपासून लांब राहत, फोटोतही बहुधा काळ्या चष्म्याआड दिसतात. एवढ्यावरून त्यांच्याबद्दल नाही नाही त्या दंतकथा तयार झाल्या. पण माणसांचा कंटाळा असलेला माणूस इतकी भरभरून पत्रं लिहील का? त्यांची निवडक पत्रं चार खंडांत आली आहेत आणि पहिला खंड तर सगळा सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे. पुस्तकांवर ते पानंच्या पानं लिहितात, थट्टा करतात, वाद घालतात. त्यांना नको होती ती गर्दी.

जन्म १९२३ चा, बेळगाव भागातला. जवळच्या माणसांचे मृत्यू त्यांनी फार लवकर पाहिले. पुढे धारवाडच्या कॉलेजात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं आणि मावसबहिणींसोबत घर केलं. आजूबाजूला कानडी, शिकवायला इंग्रजी आणि लिहायला मराठी! पुण्या-मुंबईच्या साहित्यिक वर्तुळापासूनचं हे अंतर त्यांच्या कथेला मानवलं, असं माझं ठाम मत आहे. कुणाच्या आवडीनिवडीचा दाब तिच्यावर पडला नाही.

'निळासावळा' (१९५९), 'पारवा', 'हिरवे रावे', 'रक्तचंदन' या संग्रहांत बहुतेक आपल्या ओळखीची घरं आणि त्यांतली होरपळलेली माणसं आहेत. 'काजळमाया'पासून (१९७२) कथा लांबत जाते, दृष्टान्तासारखी होते, राजे, विदूषक, प्रवासी येतात. या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, तेव्हा जीएंनी तो परत केला. अमेरिकन लेखक कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्यांचे त्यांनी केलेले अनुवादही सुरेख आहेत. अखेरच्या काळात ते पुण्यात आले आणि ११ डिसेंबर १९८७ रोजी तिथेच गेले.

आता वाचनाबद्दल. बरेच जण 'रमलखुणा' हातात घेतात आणि अर्ध्यात सोडतात. त्यात 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोनच दीर्घकथा आहेत आणि पहिल्याच भेटीत त्या झेपत नाहीत. तुम्ही 'पिंगळावेळ' घ्या आणि आधी 'कैरी' वाचा: एक पोरकं मूल आणि त्याची तानीमावशी. प्रेम किती असहाय असतं हे जीए एकदाही आवाज न चढवता दाखवतात.

मग त्याच संग्रहातली 'स्वामी'. एका वाटसरूला मठात नेऊन जमिनीखालच्या खोलीत कोंडतात. खायला-प्यायला उत्तम, मान मोठा, पण बाहेर जायची वाट नाही. हवेसाठी ठेवलेला एक झरोका तेवढा वर जातो. त्या अंधारात तो एक वेल जोपासतो आणि वेल इंच इंच करत उजेडाकडे सरकू लागतो. ही कथा वाचताना माझा श्वास अक्षरशः कोंडतो, दर वेळी. शेवट मी सांगणार नाही.

या दोन्ही मनाला भिडल्या तर 'काजळमाया'तली 'विदूषक' घ्या, 'रमलखुणा' त्यानंतर. पत्रं मात्र कधीही, कुठूनही उघडून वाचली तरी चालतील.