अल्पवयीन मुलीच्या गर्भपातासाठी वडिलांची सही लागतेच का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या काही राज्यांत आईवडिलांना कळवण्याची सक्ती आहे, तशी आपल्याकडे आहे का. आपल्याकडे नुसतं कळवून भागत नाही. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर १९७१ च्या एमटीपी कायद्याप्रमाणे (म्हणजे गर्भपाताविषयीचा कायदा) पालकाची लेखी संमती लागते. पण पालक म्हणजे बापच, हे कायद्यात कुठेही नाही. व्याख्या एका ओळीची आहे: अल्पवयीन मुलीचा सांभाळ जिच्याकडे आहे ती व्यक्ती.

या एका ओळीवरून माझं आमच्या डॉक्टर मॅडमशी जे वाजलं ते आजवर मिटलेलं नाही. मी १९ वर्षं प्रसूतिगृहात सिस्टर होते. २०१४ मध्ये सोळा वर्षांची एक मुलगी मावशीबरोबर आली. आई लहानपणीच गेलेली, वडिलांचं दुसरं लग्न झालेलं, मुलगी तीन वर्षं मावशीकडेच राहत होती. तिचं खाणंपिणं, शाळा, आजारपण, सगळं मावशीच बघायची. तेरावा आठवडा चालू होता. मुलगी काही बोलत नव्हती. ओढणीचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की नख पांढरं पडलं होतं. मी फॉर्म भरत होते. पालकाच्या सहीपाशी आल्यावर मावशीने पेन घेतलं, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "मावशी चालणार नाही. वडिलांना घेऊन या."

मावशी हात जोडून म्हणाली, "मॅडम, तो मारून टाकेल तिला." मॅडमचं एकच, उद्या बाप येऊन दवाखान्यात धिंगाणा घालेल तेव्हा कोण निस्तरणार? मी मध्ये बोलले तर मलाच गप्प बसवलं. केसपेपरसुद्धा काढला नाही.

वडिलांना सांगायचं धाडस मावशीला व्हायला आठ आठवडे गेले. परत आल्या तेव्हा एकविसावा आठवडा लागला होता आणि त्या वेळी मर्यादा होती २० आठवड्यांची. मुलीचं बाळंतपण झालं. दहावीला ती बसली नाही. फोन करून मावशीने मला एवढंच सांगितलं, आणि मी एवढंच विचारू शकले.

माझं मत सरळ आहे: ज्या घरात मुलगी सांगू शकते, तिथे ती सांगतेच, त्यासाठी कायदा लागत नाही. जिथे सांगू शकत नाही, तिथे सहीच्या हट्टापायी फक्त आठवडे वाया जातात.

आता बाकीचं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींसाठी मर्यादा २४ आठवडे आहे, मात्र २० नंतर दोन डॉक्टरांचं मत लागतं. मुलीचं स्वतःचं म्हणणंही विचारात घ्यावं लागतं. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. २०१४ ला आम्ही कुणीच कळवलं नाही, मीही नाही, आणि ते चुकलंच. पण २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव-गाव द्यायची गरज नाही. आधी एफआयआर आणा, मग बघू, असं कुणी म्हणत असेल तर तशी अट एमटीपी कायद्यात नाही. आणि भीतीपोटी दुकानातून गोळ्या आणून घरी देऊ नका. रक्तस्राव हाताबाहेर गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. कुणीच मोठं माणूस पाठीशी नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

दोन वर्षांपूर्वी मी कायद्याचं ते पान झेरॉक्स करून मॅडमना नेऊन दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "तरी वडील ते वडीलच."

तुमच्या ओळखीतली मुलगी मावशीकडे, आजीकडे राहत असेल तर दवाखान्यात जाताना ते पान बरोबर न्या. कलम २, 'पालक' शब्दाची व्याख्या.