मूल म्हणतंय 'मी मुलगा आहे', तर घरात आत्ता काय करायचं?

ताई, दहावीतल्या लेकराने केस बारीक कापले, 'मी मुलगी नाही, मुलगा आहे, मला नव्या नावाने हाक मारा' म्हणून सांगितलं. मिस्टरांना हे मोबाइलचं खूळ वाटतंय आणि जाऊबाई 'यातून बरं करणारे' एक डॉक्टर सुचवताहेत, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मुलाच्याही जन्मदाखल्यावर मुलगी असंच लिहिलं होतं. आता तो नोकरी करतो. तुमच्या लेकराने स्वतःला मुलगा म्हटलंय, म्हणून मीही 'तो' असंच लिहिते.

आधी त्या डॉक्टरांबद्दल. तिथे अजिबात नेऊ नका. मूल ट्रान्स असणं, म्हणजे जन्मदाखल्यावर एक लिंग लिहिलेलं आणि स्वतःला मात्र वेगळं जाणवणं, हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात तो विषय मानसिक विकारांमधून काढून टाकला. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा 'दुरुस्ती'वर बंदी घालायला सांगितलं आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवली. चांगला समुपदेशक मुलाला एकट्याला वेळ देतो, ऐकतो, आणि 'तू नक्की कोण' याचं उत्तर पहिल्याच भेटीत मागत नाही.

खूळ आहे का, हे तुम्हाला, मला किंवा मिस्टरांना आज ठरवता येणार नाही, आणि आज ते ठरवायचंही नाही. आज एवढंच ठरवायचंय की त्याला घरात खरं बोलता येईल की नाही. केस, कपडे, हाक मारायचं नाव, यातलं काहीही उद्या बदलता येतं. अमेरिकेत १५ ते २१ वयाच्या ट्रान्स मुलांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. घर, शाळा, काम, मित्र यांपैकी जितक्या जास्त ठिकाणी मुलांना स्वतः निवडलेलं नाव वापरता येत होतं, तितकं नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी आढळले. मोबाइल काढून घेतलात तर बहुधा त्याला समजून घेणारी माणसंच तुटतील.

मराठीत बोलताना मात्र कसोटी लागते, कारण क्रियापदातच 'आलास' की 'आलीस' येतं. जीभ वळेपर्यंत 'जेवण झालं का?', 'कधी निघायचं?' असं विचारा. आजीसमोर 'बाळा' चालतं. कुणासमोर कोणतं नाव घ्यायचं हे त्यालाच विचारा. त्याच्याआधी तुम्ही नातेवाइकांना सांगू नका. आणि घरच्या लग्नात साडी नेसायचा आग्रह, कृपा करून, नको.

पाळी आणि छाती या दोन गोष्टींचा त्रास या वयात फार होतो आणि मुलं तो लपवतात. छातीवर क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी आवळत असेल तर थांबवा, पण रागावू नका. त्याने श्वास कोंडतो, बरगड्यांना इजा होते. घट्ट स्पोर्ट्स ब्रा आणि सैल शर्ट पुष्कळ बरा. झोपताना तेही काढायचं. पाळीचे दिवस असह्य होत असतील तर समंजस स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोला, त्यावर औषधं आहेत.

हार्मोन्सची धास्ती तुमच्या शब्दाशब्दात दिसतेय. तो निर्णय आज कुणीच मागत नाहीये. अल्पवयीन मुलांना कोणते उपचार कधी द्यावेत यावर डॉक्टरांमध्ये खरोखर मतभेद आहेत. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०२४ मध्ये वयात येणं लांबवणारी औषधं सरसकट देणं थांबवलं. त्यामुळे इंटरनेटवरून मागवलेलं काही नको. जे होईल ते एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन्सचे डॉक्टर) आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांच्या देखरेखीखाली, सावकाश.

मिस्टरांशी वाद घालून उपयोग नाही. त्यांना ट्रान्स मुलांच्या इतर वडिलांशी बोलू द्या. मुंबईत 'स्वीकार' हा पालकांचाच गट आहे, पुण्यात समपथिक ट्रस्ट ही समलिंगी आणि ट्रान्स लोकांसाठीची संस्था. माझ्या घरी आमच्या 'ह्यां'ना माझ्या बोलण्याने नाही, तर दुसऱ्या एका बापाच्या बोलण्याने धीर आला.

शेवटचं, पण सगळ्यांत तातडीचं. 'जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का?' हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका, औषधं-कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. हे आज रात्रीच विचारा, आणि तो काय म्हणाला ते मला कळवा.