ट्यूबलाइटखालचा आयपीए

प्रश्न : मी एकतीस वर्षांचा, वारज्यात राहतो, आयटीत आहे. घराजवळ एक जुनी परमिट रूम आहे. रेक्झिनचे बाक, ट्यूबलाइट, काउंटरमागे साईबाबांचा हार घातलेला फोटो. बाबा रिटायर झाल्यापासून दर शनिवारी मित्रांबरोबर तिथेच बसतात. आम्ही मित्र मात्र बिअर प्यायला कोरेगाव पार्क, मुंढवा गाठायचो. आता मालकाच्या मुलाने काउंटरवर सहा नळ बसवलेत, पुण्यातल्याच मायक्रोब्रुअरींच्या (बिअरच्या छोट्या कारखान्यांच्या) बिअरचे. फ्रीजमध्ये बेल्जियन बाटल्याही दिसतात. बाबा म्हणाले, "ये की एकदा." अशा ठिकाणची क्राफ्ट बिअर भरवशाची असते का? आणि बाबांच्या टेबलावर मी बसायचं कसं?
— एक वाचक, वारजे

उत्तर : बाकाचं रेक्झिन फाटलंय की शाबूत आहे, यावर बिअर ठरत नसते. उमेदीची वर्षं मी कॅम्पातले बार सांभाळण्यात घालवली. झुंबराखाली आंबलेली बिअर ऐटीत ओतलेली पाहिलीय. नळाच्या बिअरची परीक्षा एकच : केग, म्हणजे नळाला जोडलेलं बिअरचं पिंप, किती दिवसांत रिकामा होतो?

२००९ मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हा ताजी बिअर प्यायची तर जिथे ती तयार होते तिथेच जावं लागे. आता इथल्या ब्रुअरी केग भरून दुसऱ्या बारना देतात, म्हणून ती तुमच्या गल्लीपर्यंत पोचली. पण ही बिअर बहुतेक वेळा पाश्चराइज केलेली, म्हणजे तापवून टिकाऊ केलेली, नसते. ब्रुअरीतून निघाल्यापासून नळातून येईपर्यंत ती थंडच राहायला हवी, आणि केग लावला की दोन-तीन आठवड्यांत संपलेला बरा. सगळ्यात आधी उडतो तो हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, वास. म्हणजे ज्यासाठी आपण आयपीएचे (भरपूर हॉप्सवाल्या कडवट बिअरचे) जास्त पैसे मोजतो, नेमका तोच.

सहा नळ दिसतात छान. पण आजूबाजूला रम-सोडावालेच जास्त असतील तर त्यातले दोनच धडाक्यात चालणार, हे धरून चला. ते दोन कोणते, हे वेटरकाकांकडून काढून घ्या. "कोणती चांगली आहे?" विचारलंत तर महागातली सांगतील. "जास्त कोणती जाते?" विचारलंत तर खरं सांगतील.

आपल्याकडे यात पंचांगही बघावं लागतं. गटारीला झुंबड उडते, केग पटापट बदलतात. श्रावण लागला की निम्मी गिऱ्हाइकं गायब. मग अमावास्येला हौसेने लावलेला आयपीए गणपती जवळ आले तरी तिथेच. श्रावण सरत आला की मी नळाची बिअर सांगतच नाही, बाटली घेतो. गुरुवारचंही तसंच : बरेच जण वार पाळतात, शिवाय दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वारही हाच. कूलर तासन्‌तास बंद राहिला की नळातून नुसता फेस येतो. आणि कुठल्याही दिवशी बार उघडल्या उघडल्या पहिला ग्लास आपण घेऊ नये. रात्रभर नळीत बसलेली बिअर असते ती. पुण्य दुसऱ्याला लाभू द्यावं.

ग्लास आला की आधी बघा. आतल्या काचेला जागोजागी बुडबुडे चिकटलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही. तेलकट हाताचा किंवा साबणाचा अंश राहिलाय. ग्लास स्वच्छ असेल तर प्रत्येक घोटानंतर फेसाचं एक कडं काचेवर मागे राहतं. मग वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर नळ्या धुतलेल्या नाहीत; त्या पंधरा दिवसांनी तरी धुवाव्या लागतात. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बिअर शिळी आहे. अशा वेळी गवगवा न करता "काका, ही बदलून द्या" एवढंच म्हणायचं. मालकाच्या मुलाला बाजूला घेऊन कारण सांगितलंत तर उलट आवडेल त्याला. नळ्या धुण्यावरून त्याचं बापाशी रोज वाजत असणार, अशी माझी अटकळ.

बर्फाळलेला मग मात्र प्रेमाने नाकारा. वेटरकाका फ्रीजरमधून तो अभिमानाने काढतील, कारण आजवर 'चिल्ड'लाच शाबासकी मिळाली. पण गारठ्यात जीभ बधिर होते आणि वास दबतो. लागरला, म्हणजे नेहमीच्या हलक्या पिवळ्या बिअरला, चालून जाईल. काळी स्टाउट तर आणून ठेवल्यावर थोडी थांबूनच प्यावी, तेव्हा तिची कॉफी-चॉकलेटची चव उघडते.

चकण्याबद्दल माझी मतं ठाम आहेत. झणझणीत चिकन सुक्क्याबरोबर आयपीए घेऊ नका. कडवटपणा आणि तिखट एकमेकांना चढवतात, घसा पेटतो. तिथे गव्हाची बिअर. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात ना केळं असतं ना लवंग. तो सगळा यीस्टचा पराक्रम. आयपीएला खारे शेंगदाणे पुरतात. आणि अशा जागी चकणा ताजा असतो. उकडलेल्या शेंगांवर कांदा, कोथिंबीर, लिंबू तुमच्यासमोर पडतं. मुंढव्यात त्याच शेंगा पाटीवर, मिरचीचं फूल खोवून येतात आणि बिल बघून पाणी मागवावं लागतं.

आता बाबा. "ये" म्हणून संकोचाचं निम्मं ओझं त्यांनीच उतरवलंय. तिथे प्रत्येकाची खुर्ची ठरलेली असते, म्हणून "कुठे बसू?" विचारूनच टेका. एखादे काका तुमच्या ग्लासातला घोट घेऊन म्हणतील, "हे काढ्याचे पैसे घेतात?" हसा. हॉप्स आणि आयबीयूवर (कडवटपणाच्या मापावर) व्याख्यान नको; गव्हाच्या बिअरचा छोटा ग्लास मागवून मध्ये ठेवा. ज्याला घ्यायचा तो घेईल. त्यांचा क्वार्टर संथ चालतो, तेव्हा त्यांच्या आधी दुसरा ग्लास सांगू नका. बिलावर पहिल्याच शनिवारी झडप घालू नका, चारचौघांत ते बाबांना खपणार नाही. "शेंगा माझ्याकडून" म्हणा. टीप मात्र तुम्ही ठेवा, आणि बाबा ठेवतात त्याहून थोडीच जास्त. दुप्पट ठेवलीत तर पुढच्या शनिवारी त्यांची पंचाईत.

प्रश्न : भाचा बावीस वर्षांचा आहे. त्याला असल्या बारमध्ये नेलं तर कायद्याने चालतं का? परवाना लागतो म्हणतात, ते खरं का?
— एक मामा, धायरी

उत्तर : महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, कडक दारूसाठी २५. म्हणजे भाच्याला माइल्ड बिअर चालेल, तुमच्या व्हिस्कीतला घोट नाही. परवान्याचं खरं आहे. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि 'परमिट रूम' हे नाव त्यातूनच आलं. परवाना एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. तुमचा आजीवन काढून टाका, एकदाची कटकट मिटते. भाच्याला आधार कार्ड खिशात ठेवायला सांगा. दाढी असली तरी विचारतात. आणि आषाढी एकादशी किंवा २ ऑक्टोबरचा बेत आखू नका, शटर बंद असेल.