सॅम्पल घेतलं तर गाणं माझं राहतं का?

प्रश्न : मी कॉलेजला आहे, डोंबिवलीत राहतो, लॅपटॉपवर बीट्स बनवतो. मध्ये एका जुन्या हिंदी गाण्यातला सतारीचा तुकडा कापला, स्लो केला आणि त्यावर रॅप रेकॉर्ड केला. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, चाल दुसऱ्याची, वाजवलंय दुसऱ्याने, मग यात तुझं काय? मला काही बोलताच आलं नाही. असा रेकॉर्डमधला तुकडा उचलणं, म्हणजे सॅम्पलिंग, चोरीच का हो?

उत्तर : बाबांचा प्रश्न अगदी योग्य आहे, फक्त त्यात दोन प्रश्न मिसळलेत. तुझं त्यात काय हा एक, आणि ज्याने वाजवलं त्याला काय मिळालं हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर हिप-हॉपच्या, म्हणजे रॅप ज्यातून आलं त्या संगीताच्या, जन्मातच आहे. १९७३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड्स लावल्या, तिथून हा इतिहास मोजतात. हर्कच्या लक्षात आलं होतं की गाण्यातले सूर थांबून नुसते ड्रम्स उरतात ना, तेव्हा पब्लिक सगळ्यात जास्त नाचतं, मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन कॉप्या दोन टर्नटेबलवर (रेकॉर्ड फिरवायच्या तबकड्यांवर) लावून तेवढाच भाग परत परत वाजवायला लागला. ते ड्रम्स त्याचे नव्हते, पण त्या काही सेकंदांत एक आख्खं नवीन संगीत आहे हे ऐकलं त्याने. पुढे १९८७ मध्ये एसपी-१२०० नावाचं सॅम्पल घ्यायचं मशीन आलं, त्यात सगळं मिळून जेमतेम १० सेकंदांचं सॅम्पल मावायचं, म्हणून पोरं मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या स्पीडवर पळवून आत घ्यायची आणि मशीनमध्ये परत खाली आणायची, त्यात आवाज जो खरखरीत व्हायचा तोच त्या काळाचा साउंड झाला. हे कान आणि ही मेहनत मी तरी ओरिजिनलच मानते. पण आख्खा मुखडा जसाच्या तसा लूपवर टाकून वर चार ओळी बोलल्या तर त्याला नाही मानत, कारण मग लोक जुन्या गाण्यासाठीच थांबलेले असतात.

बाबांशी बोलताना संगीत नाटकाची आठवण काढ. 'सौभद्र' १८८२ चं, अण्णासाहेब किर्लोस्करांची किती पदं तेव्हाच्या माहितीच्या चालींवर रचलेली आहेत, आणि त्या नाटकांच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाणं दिलेलं असायचं. म्हणजे घेतलं, आणि कुठून घेतलं ते सांगितलंही. फरक एवढाच की तिथे चाल घेतली, तू मात्र थेट कुणाच्या तरी हाताचं वाजवणंच उचलतोस, त्यामुळे तुझी जबाबदारी जास्त आहे.

आता दुसरा प्रश्न, आणि इथे मला खरंच वाईट वाटतं. द विन्स्टन्स या बँडच्या १९६९ च्या एका रेकॉर्डवर ग्रेगरी कोलमनने सहा-सात सेकंद ड्रम्स वाजवलेत. 'आमेन ब्रेक' म्हणून तो तुकडा हजारो गाण्यांत वापरला गेला, हिप-हॉपमध्ये, 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' या डान्स संगीताच्या प्रकारांमध्ये, आणि कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत गेला, त्याला त्यातून काही मिळालं नाही. अमेरिकन फंक गायक जेम्स ब्राऊनचा ड्रमर क्लाईड स्टबलफील्ड, त्याचा 'फंकी ड्रमर'मधला ठेका तितकाच गाजला, पण गाण्यावर रचनाकार म्हणून नाव जेम्स ब्राऊनचं, म्हणजे कुणी रीतसर परवानगी घेऊन पैसे भरले तरी ते वाजवणाऱ्याच्या हातात पडतीलच असं नाही. आपल्याकडच्या जुन्या गाण्यांत ढोलकी कुणी वाजवली, सतार कुणाची, हे किती रेकॉर्डच्या कव्हरवर लिहिलेलं असतं सांग? तुझ्या त्या तुकड्यात सतार कुणी वाजवलीये ते शोधून काढ आधी, बाबांना नाव सांगता आलं तर बोलणंच वेगळं होईल.

प्रश्न : दोन-तीन सेकंद घेतले तर कॉपीराइट लागत नाही असं सगळे म्हणतात. खरं आहे का? (नाशिक)

उत्तर : नाही. असा सेकंदांचा नियम कुठेच नाही. १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरच्या सॅम्पलिंगच्या केसमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस'ने केली आणि तेव्हापासून तिकडच्या कंपन्या प्रत्येक तुकड्याची परवानगी मागायला लागल्या. २००५ मध्ये दोन सेकंदांच्या गिटारवरून दुसऱ्या कोर्टाने म्हटलं, लायसन्स घ्या नाहीतर सॅम्पल करू नका, आणि २०१६ मध्ये मॅडोनाच्या गाण्यातल्या पाव सेकंदाच्या ट्रम्पेट-ट्रोम्बोनसारख्या वाद्यांच्या आवाजाबद्दल तिसऱ्याने म्हटलं की इतकं छोटं, ऐकणाऱ्याला ओळखूही येणार नाही, सोडून द्या. तिकडच्या कोर्टांचंच एकमत नाही. आपल्याकडे १९५७ चा कायदा आहे आणि त्यात रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, शब्दांचा वेगळा. रेकॉर्डिंगचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, चालीचा संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं, म्हणजे जुनी रेकॉर्ड मोकळी झाली तरी चाल अडकलेली असू शकते. वादक बोलावून परत वाजवून घेतलं तर रेकॉर्ड कंपनीची परवानगी टळते, संगीतकाराची टळत नाही. १९७९ च्या 'रॅपर्स डिलाईट' या रॅप गाण्यात शीक बँडचा बेस स्टुडिओत परत वाजवला होता, तरी मूळ गाण्याचे रचनाकार नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांची नावं द्यावीच लागली.

प्रश्न : व्हिडिओखाली 'क्रेडिट गोज टू ओनर' लिहिलं की पुरतं का?

उत्तर : परवानगी म्हणून शून्य किंमत. नाव द्यायचं असेल तर नीट द्या, 'ओनर' कोण? २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या 'अॅडिक्टिव्ह' गाण्यात लताबाईंचं 'थोडा रेशम लगता है' न विचारता वापरलं होतं, तेव्हा बप्पी लाहिरींचं नाव घातल्याशिवाय अल्बम विकू नका असा आदेश लॉस एंजेलिसच्या कोर्टाने दिला होता. गाणं, संगीतकार, गायिका, वादक माहीत असेल तर तोही, सगळं लिहा, आणि अपलोड करायच्या आधी कंपनीला मेल टाका.