क्लासिक रॉकच्या अल्बममध्ये प्रोड्युसर नेमकं करतो काय? सगळं बँडच करत नाही का?

तुमचं म्हणणं असं की गाणी बँडच लिहितो, बँडच वाजवतो, मग प्रोड्युसर म्हणून ज्याचं नाव छापतात तो माणूस वेगळं काय करतो, आणि ते कळायला काय ऐकावं. हा प्रश्न मी आमच्या बँडच्या गिटारिस्टकडून इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर जरा लांबणार आहे.

रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश बँड घ्या. १९६७ मध्ये त्यांचा मॅनेजर आणि प्रोड्युसर अँड्र्यू ओल्डहॅम बाजूला झाला आणि 'देअर सॅटॅनिक मॅजेस्टीज रिक्वेस्ट' त्यांनी स्वतःच प्रोड्यूस केला. भरकटलेला अल्बम आहे, दोन-तीन गाणी सोडली तर परत लावावासा वाटत नाही. मग आला जिमी मिलर. १९६८ चा 'बेगर्स बँक्वेट', १९६९ चा 'लेट इट ब्लीड', १९७१ चा 'स्टिकी फिंगर्स', १९७२ चा 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट', सगळे त्याच्या हाताखाली झालेले. लोक ज्याला स्टोन्सचा सुवर्णकाळ म्हणतात तो अख्खा काळ काचेच्या पलीकडे हा माणूस होता, आणि स्टोन्सचं जिभेचं चित्र असलेला टीशर्ट घालून फिरणाऱ्या कोणालाही विचारा, मिलर कोण ते सांगता येणार नाही. बरं तो नुसता बसून नव्हता. 'हाँकी टाँक विमेन' ज्या काउबेलने सुरू होतं ती त्याने वाजवलीये. 'यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वाँट' वरचे ड्रम्स बँडचा ड्रमर चार्ली वॉट्सचे नाहीत, मिलरचे आहेत, कारण तो ग्रूव्ह, म्हणजे ठेक्याची ती चाल, चार्लीला काही केल्या बसेना आणि मिलर मुळात ड्रमरच, मग तोच बसला ड्रम्सवर.

आता आमची गोष्ट. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना आमचा बँड होता, मी कीबोर्डवर, पण वाजवण्यापेक्षा मला रेकॉर्डिंगचाच नाद जास्त. कर्वेनगरला एका मित्राच्या बंगल्यात वरची खोली मिळाली होती, भिंतींना गोधड्या टांगलेल्या, दोन चॅनलचा इंटरफेस, एकच कंडेन्सर माइक, खाली काकूंचा कुकर वाजला की टेक, म्हणजे त्या वेळचं रेकॉर्डिंग, बाद. गाणं गिटारिस्टचं होतं, मराठी, आणि चाल खरंच कानात राहणारी, ते मी कधीच नाकारलं नाही. पण होतं सात मिनिटांचं. आधी लांबलचक इंट्रो, मग संथ कडवं, मुखडा येईपर्यंत ऐकणारा उठून गेलेला असायचा, मग सोलो, आणि सोलो संपला की अजून एक सोलो. मी रात्रभर एकटा बसून ते सगळं उसवलं. मुखडा पुढे आणला, टेम्पो वाढवला, ड्रमरला बोलावून क्लिकवर, म्हणजे लय धरून देणाऱ्या टिकटिकीवर, सगळं नव्याने वाजवून घेतलं, बेसवाल्याला सांगितलं कडव्यात वाजवूच नकोस, मुखड्याला एकदम ये. गायक सगळंच तारस्वरात गायचा, त्याला म्हटलं पहिलं कडवं माइकला चिकटून, घरात कोणीतरी झोपलंय असं समजून गा, आणि त्याने ते असं गायलं की आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. दुसरा सोलो काढून टाकला. गाणं साडेतीन मिनिटांत बसलं.

गिटारिस्ट माझ्याशी बोलायचाच बंद झाला. "माझं गाणं कापलंस" एवढंच म्हणायचा. पुढे गॅदरिंगला तेच कापलेलं व्हर्जन वाजवलं, पोरं मुखडा आमच्याबरोबर गायला लागली, आणि मग ऑनलाइन टाकताना गीत, संगीत, निर्मिती सगळीकडे त्याचंच नाव. माझं खाली विशेष आभारात, ज्याने अँप उधार दिला त्याच्या शेजारी. मी विचारलं तर म्हणाला, "अरे तू बटणंच तर दाबलीस."

बटणं! बीटल्सचा प्रोड्युसर जॉर्ज मार्टिन, त्याने १९६२ मध्ये पहिल्यांदा त्यांचं 'प्लीज प्लीज मी' ऐकलं तेव्हा ते अमेरिकन गायक रॉय ऑर्बिसनच्या वळणाचं संथ गाणं होतं, वेग वाढवा हे मार्टिनने सांगितलं. हे सांगायला कुठलं बटण लागतं? बीटल्सच्याच 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' चे दोन टेक होते, सातवा आणि सव्विसावा, बँडमधल्या जॉन लेननला एकाची सुरुवात आवडलेली आणि दुसऱ्याचा शेवट. दोन्हींचा सूर वेगळा, लय वेगळी. मार्टिन आणि इंजिनिअर जेफ एमेरिक यांनी एकाची टेप थोडी जलद केली, दुसऱ्याची थोडी सावकाश, आणि साधारण एका मिनिटाच्या जागी सांधा मारला. माहीत नसेल तर पत्ता लागत नाही. आणि १९६७ च्या 'सार्जंट पेपर' मधलं 'विदिन यू विदाउट यू' तर आपल्या कानांनी ऐकण्यासारखं आहे. बीटल्सचा गिटारिस्ट जॉर्ज हॅरिसन, त्याने लंडनमधल्या भारतीय वादकांना घेऊन दिलरुबा, तबला, तंबोरा असं ते रेकॉर्ड केलं आणि मार्टिनने त्यावर आठ व्हायोलिन आणि तीन चेलो घातले, म्हणजे स्वर सुटा सुटा वाजवायची सवय असलेल्या पाश्चात्त्य वादकांकडून दिलरुब्याची मींड काढून घेतली. एवढं करणारा हा माणूस १९६५ पर्यंत ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा पगारी नोकर, रेकॉर्डच्या विक्रीतला वाटा शून्य, म्हणूनच बाहेर पडून त्याने 'एअर' ही स्वतःची कंपनी काढली.

पिंक फ्लॉइड बँडच्या 'द वॉल' चा एक प्रोड्युसर बॉब एझ्रिन, त्याचंही तेच. 'अनदर ब्रिक इन द वॉल' चा दुसरा भाग पिंक फ्लॉइडच्या हिशेबाने एका कडव्याचा तुकडा होता. डिस्कोचा ठेका घ्या हे एझ्रिनचं, आणि त्या एका कडव्याची कॉपी करून पुढे जोडली, त्यावर लंडनमधल्या शाळेतली पोरं गाऊन घेतली, तेव्हा १९७९ मधलं ते गाणं उभं राहिलं. फ्लॉइडचं नंबर वन झालेलं एकमेव सिंगल आहे ते.

आमचा गिटारिस्ट अशा वेळी लेड झेपेलिन बँड आणि त्यांचा गिटारिस्ट जिमी पेज काढायचा. "पेजने स्वतः प्रोड्यूस केलं, कोण लागलं त्याला?" अहो, पेज झेपेलिनच्या आधी लंडनच्या स्टुडिओंमध्ये वर्षानुवर्षं सेशन गिटारिस्ट, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगवर पैसे घेऊन वाजवणारा, होता, तिथे बघून बघून तो हे काम शिकला. झेपेलिनच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' चे ड्रम्स इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याच्या पायथ्याच्या दालनात ठेवून माइक वर जिन्यात टांगले, तो आवाज ड्रमर बोनहॅमच्या हातांचा जितका तितकाच त्या जिन्याचा आहे. पेजला प्रोड्युसर लागला नाही कारण प्रोड्युसर तोच होता. हे मी त्याला तेव्हाही सांगितलं होतं.

आता एक गोष्ट मान्य करायला हवी, प्रोड्युसर म्हणजे देव नाही. प्रोड्युसर फिल स्पेक्टरने बीटल्सच्या 'लेट इट बी' अल्बममध्ये 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' वर व्हायोलिनं आणि बायकांचा कोरस ओतला, ते गाणं लिहिणाऱ्या पॉल मॅकार्टनीला ते अजिबात पटलं नव्हतं आणि २००३ मध्ये ते सगळं काढलेला अल्बम आला, मला तोच बरा वाटतो. आणि मुळात गाणंच नसेल तर मार्टिन बसवा नाहीतर आणखी कोणी, काही होत नाही.

तुमचा स्वतःचा बँड असेल, प्रश्नावरून तसं वाटतंय, तर गाणं बसवायला एक बाहेरचा कान घ्या, ज्याचा एकही सोलो त्या गाण्यात नाही असा. आणि कोणाचं नाव कुठे येणार ते रेकॉर्डिंगच्या आधी लिहून घ्या, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर का होईना. दोस्ती आहे, नंतर बघू, असं म्हणू नका. मुखडा मीच पुढे आणला याचा पुरावा त्या जुन्या सेशन फाइलींत आहे आणि त्या मी अजून जपून ठेवल्यात, पण फाइल उघडून बघायला कोण येतंय.

ऐकायचं म्हणाल तर आधी 'सॅटॅनिक मॅजेस्टीज', मग मिलरबरोबरचं मे १९६८ चं 'जंपिन जॅक फ्लॅश', मग 'बेगर्स बँक्वेट', ह्याच क्रमाने, शक्यतो हेडफोन लावून. बँडमधली माणसं तीच पाच आहेत, वर्ष-दीड वर्षाच्या आतली.