बॅच काढून घेतली, हेही तक्रारीत लिहा

प्रश्न : ताई, मी लातूरच्या एका खासगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. आमच्या विभागप्रमुखांनी पेपर तपासण्याच्या निमित्तानं थांबवून घेणं, अंगचटीला येणं, रात्री नको ते मेसेज करणं सुरू केलं. मी संचालकांना तोंडी सांगितलं. थोड्याच दिवसांत माझी रिपीटर (परीक्षा पुन्हा देणाऱ्या मुलांची) बॅच काढून घेतली, अकरावीचे दुपारचे तास दिले. मानधन निम्म्यावर आलं. आता म्हणतात, नांदेडच्या शाखेत जा. आई म्हणते, "उगं कशाला बोभाटा करतीस? गुमान दुसरीकडं बघ." सहकारी म्हणतात, तक्रार केलीस तर ट्यूशन एरियात तुला कुणी उभं करणार नाही. काय करू?
– एक शिक्षिका, लातूर

उत्तर : तुमच्या सहकाऱ्यांची भीती खोटी नाही. क्लासवाल्यांचे एकमेकांना फोन जातात आणि डेमो लेक्चरच्या आधीच नकार ठरतो. वकिली करताना, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसताना मी हे पाहिलंय. पण गुमान निघून गेलेल्या बायकाही पाहिल्यात. अनुभवाचा दाखला नाही, राहिलेलं मानधन बुडालं, 'घरगुती कारण' सांगून नव्या ठिकाणी नवख्याच्या पगारावर सुरुवात. तुमचं नुकसान तर सुरूच झालंय, आणि तेही लेखी तक्रार न करता. म्हणून नोकरी सोडण्याआधी तक्रार लिहा, आणि बॅच गेली हेही तिच्यात लिहा.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात छळाला जोडून नोकरीत दिलेला त्रास, नोकरीची धमकी हाही लैंगिक छळच धरलाय. भरपाई ठरवताना त्या घटनेमुळे हुकलेली नोकरीतली संधी मोजायची, असं कलम 15 सांगतं. हे फार कमी जणींना माहीत असतं. मग तक्रारीत फक्त स्पर्श आणि मेसेज येतात, बुडालेले पैसे येतच नाहीत. जुनं वेळापत्रक, नवं वेळापत्रक, बँकेत जमा झालेल्या मानधनाचा उतारा, तुमच्या बॅचचे निकाल, सगळं जोडा. मेसेज पुसू नका.

तोंडी सांगणं पुरत नाही. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार हवी. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती असायलाच हवी, नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. समिती नसल्यास जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात लेखी कळवा. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. पोलिसांचा रस्ता वेगळा, तोही खुला आहे.

नांदेडचं म्हणाल, तर चौकशी चालू असताना बदलीची शिफारस समिती करते, तीही तुम्ही लेखी मागितली तर. विभागप्रमुखांचीही बदली मागता येते. तुमच्या कामाचा शेरा त्यांनी लिहू नये, अशी मागणी जरूर करा. क्लासमध्ये पुढची बॅच त्या शेऱ्यावरच ठरते. 2020 मध्ये पंजाब अँड सिंध बँकेच्या इंदूरच्या एका अधिकारी महिलेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. वरिष्ठाविरुद्ध तक्रार केलेल्या या बाईंना जबलपूर जिल्ह्यातल्या सरसवा शाखेत पाठवलं होतं, जिथे त्यांच्यापेक्षा कितीतरी खालच्या श्रेणीचा अधिकारी बसायचा. उच्च न्यायालयानं रद्द केलेली ती बदली सर्वोच्च न्यायालयानंही रद्दच ठेवली, त्यांना इंदूरला परत आणलं आणि बँकेला खटल्याचा 50,000 रुपये खर्च द्यायला लावला. तुमचा क्लास बँक नाही, पण तक्रारीनंतरची बदली कशी वाचायची ते या निकालातून कळतं.

एका गोष्टीला फार जपा. "दोन महिन्यांचं मानधन घ्या आणि मिटवा" असा निरोप येईल. समेट फक्त तुमच्या विनंतीवरूनच होतो, तो पैशांवर करता येत नाही, आणि एकदा झाला की पुढची चौकशी होत नाही. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका.

आईंना सांगा, तुमचं नाव जाहीर करायला कायद्यानं बंदी आहे. फोनवरची कुजबुज कायदा थांबवू शकत नाही, हेही खरं. त्यामुळे नव्या जागेसाठी अर्ज आत्तापासूनच करा. तक्रार केली म्हणून दुसरीकडे जायला बंदी नाही, आणि मुलाखतीत तक्रारीबद्दल आपणहून सांगायची गरज नाही. अनुभवाचा दाखला मात्र नोकरीत असतानाच लेखी मागा, अर्जाची पोच घ्या. तक्रारीचा मसुदा झाला की मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा. मी वाचून देईन.